बराकीतली यादी: म्हातारपण नक्की कुणाच्या खात्यात?

ज्यांना इयरफोन लावायचा कंटाळा येतो, किंवा विठ्ठलवाडीच्या पुढे ज्यांचं नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, तेव्हा वाक्यं थोडी सैल वाटली तर समजून घ्या.

आजचा विषय आधीच सांगितला तर तुम्ही भाग बदलाल, म्हणून एका रात्रीपासून सुरुवात करतो.

२६ जुलै २०१९. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली ती रात्र. हजाराहून जास्त प्रवासी गाडीत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सुखरूप बाहेर काढलं. ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. मी त्या रात्री बदलापुरातच होतो, पण टीव्हीसमोर नव्हतो. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक काकू राहायच्या. अर्धांगवायूमुळे तीन वर्षं अंथरुणावर होत्या. पाणी पार्किंगमधून पायऱ्यांवर आलं आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, काकूंचं काय?" आम्ही चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, ओढणीने बांधलं आणि दुसऱ्या मजल्यावर नेलं. लाइट नव्हती. जिन्यात एक जण मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी खालच्या रस्त्यावरून बोट गेली. बोटीतले जवान प्रत्येक इमारतीसमोर थांबून विचारत होते, "कोई बीमार है? कोई बुजुर्ग है?" माणसं भली होती, जीव धोक्यात घालून आली होती. पण मला त्यांचा प्रश्नच खटकला. ते विचारत होते, कारण त्यांना माहीत नव्हतं. कोणत्या तळमजल्यावर कोण अंथरुणाला खिळलंय याची यादी त्यांच्या हातात नव्हती. कुणी ती दिली नव्हती, कारण अशी यादी करणं हे नक्की कुणाचं काम आहे हेच ठरलेलं नाही.

तर आजचा विषय हा. म्हाताऱ्या, अपंग, एकट्या माणसांची काळजी घेण्याची सरकारी जबाबदारी आपल्या या तीन गावांत कुणाकडून कुणाकडे गेली? आणि जाता जाता ती यादी कुठे हरवली?

कल्याण कॅम्प

उल्हासनगर मुळात वसवलेलं शहर नाही, उरलेलं शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण ट्रान्झिट कॅम्प होता. बराकींच्या रांगा, सैनिकांसाठी दवाखाना, मोकळी मैदानं. युद्ध संपलं, सैनिक गेले. मग फाळणी झाली. कराचीहून बोटींनी मुंबईला आलेल्या सिंधी कुटुंबांना राहायला जागा हवी होती, आणि या बराकी रिकाम्या होत्या. जवळपास लाखभर माणसं इथे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. नाव उल्हास नदीवरून. पण रिक्षावाल्याला आपण आजही "कॅम्प नंबर तीन" असंच सांगतो, बरोबर ना?

आता कल्पना करा. एका बराकीत मध्ये गोणपाट किंवा चादरी लावून कुटुंबं राहतायत. संडास सामाईक, पाणी सामाईक. त्यात सिंधमध्ये वाडा, दुकान, जमीन सोडून आलेली सत्तर वर्षांची माणसं. मुलगा मुंबईत काम शोधतोय, सून मुलांकडे बघतेय. काही जणांबरोबर तर कुणीच आलेलं नाही.

त्या काळात सरकारने एक गोष्ट केली, मनापासून म्हणा की नाइलाजाने म्हणा. प्रत्येक निर्वासिताची नोंदणी केली. १९४८ मध्ये मुंबई सरकारने त्यासाठी कायदाच आणला, बॉम्बे रेफ्युजीज ॲक्ट. सुरुवातीला मोफत रेशन मिळायचं. पुढे सरकारने ठरवलं की धडधाकट माणसाने काम शोधायचं, मोफत रेशन बंद. पण वृद्ध, दुबळे आणि मागे कुणी नसलेल्या बायका-मुलांना वेगळं काढलं. त्यांच्यासाठी देशभर गृहं काढली, काहींना रोख मदत दिली. केंद्र सरकारच्या पुनर्वसन खात्याने या लोकांना शब्द काय वापरला होता माहितीये? कायमचं दायित्व. ऐकायला कसंतरीच वाटतं, नाही का? माणसाला दायित्व म्हणायचं! पण त्या शब्दात एक कबुली होती. ही माणसं आमच्या खात्यावर आहेत आणि कायमची आहेत, असं सरकार म्हणत होतं.

उल्हासनगरातल्या माझ्या एका मित्राच्या आजीला सगळे अम्मा म्हणायचे. ती लहानपणी कॅम्पात आली. ती सांगायची, रेशन द्यायच्या दिवशी नाव पुकारलं आणि म्हातारा माणूस पुढे आला नाही, की रांगेतलंच कुणीतरी सांगायचं, तो तापाने पडलाय. मग त्याचं रेशन शेजारी नेऊन द्यायचे. कुणी मेलं तर तेही कळायचं, कारण रेशन उरायचं. ही एका म्हातारीची आठवण आहे, पुरावा नाही. पण मुद्दा लक्षात घ्या. ज्या कार्यालयातून मदत मिळायची ते पायी पाच-दहा मिनिटांवर होतं, आणि ज्याला द्यायची तो कोणत्या बराकीत राहतो हे त्यांना माहीत होतं. मदत, यादी आणि पत्ता या तिन्ही गोष्टी एकाच जागी होत्या.

थांबा, मी कॅम्पाचे गोडवे गात नाहीये. याच यादीच्या जोरावर सरकार निर्वासितांना सांगू शकायचं की तुम्ही इथेच राहा, तिथे जाऊ नका. यादी म्हणजे मदत आणि यादी म्हणजे ताबाही. हे दोन्ही डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पालिका आली, म्हातारपण ऐच्छिक झालं

निर्वासितांचं शिबिर कायम शिबिर राहत नाही. साठच्या दशकाच्या तोंडावर उल्हासनगरला नगरपालिका मिळाली. १९९६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. लष्करी दवाखान्याच्या जागी सरकारी मध्यवर्ती रुग्णालय उभं राहिलं, जिथे आजही बदलापूर-अंबरनाथपासूनचे पेशंट जातात. ते मात्र पालिकेचं नाही, राज्य सरकारचं आहे. महिलांची आणि मुलींची शासकीय गृहं शहरात आहेत, तीही राज्याचीच.

मग पालिकेकडे काय आलं? इथे थोडा कायदा सांगतो, दोन मिनिटं झोपू नका.

महाराष्ट्रात महापालिका १९४९ च्या कायद्याने चालतात आणि नगरपालिका १९६५ च्या. दोन्ही कायद्यांत कामांचे दोन ढीग आहेत. एक बंधनकारक, दुसरा ऐच्छिक. पाणी, गटार, दिवाबत्ती, कचरा हे बंधनकारक. जन्म-मृत्यूची नोंदही बंधनकारक. अपंग आणि निराधार लोकांसाठी घरं बांधणं मात्र बागा, वाचनालयं, धर्मशाळा यांच्याबरोबर ऐच्छिक कामांत. म्हणजे जन्माला आलात तर नोंद करणं पालिकेला भाग आहे, गेलात तरी नोंद करणं भाग आहे. मधलं म्हातारपण ऐच्छिक.

हे कुणा एका नगराध्यक्षाने केलेलं नाही. आपल्याकडे घरातल्या म्हाताऱ्यांचं घरातलेच बघतात, असं कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. आणि बऱ्याच अंशी बघतातही. प्रत्यक्षात कोण बघतं? सून, मुलगी, बायको. त्यांच्या कामाची नोंद कोणत्याच खात्यात नाही.

उल्हासनगरात ही पोकळी समाजाने भरली. सिंधी समाजाच्या पंचायती, दरबार, आश्रम. विधवांना महिन्याचं रेशन, गरजूंना औषधं, स्वस्त दवाखाने. पण समाजाची मदत समाजाच्या आतल्याला मिळते. नंतर पोटासाठी आलेला उत्तर भारतीय कामगार किंवा मराठवाड्यातून आलेलं बांधकामावरचं कुटुंब यांची पंचायत नसते.

अंबरनाथची गोष्ट वेगळी. १०६० सालचं शिवमंदिर आपल्याला माहीत आहे, पण आधुनिक अंबरनाथ कारखान्यांनी घडवलं. त्यात ऑर्डनन्स फॅक्टरी आली, काडेपेटीचा विम्को कारखाना आला, नंतर एमआयडीसी आली. इथे म्हातारपणाची सोय नोकरीवर ठरली. ऑर्डनन्समधून निवृत्त झालेल्या काकांना केंद्र सरकारचं पेन्शन मिळायचं. त्याच गल्लीत तीस वर्षं कंत्राटावर काम केलेल्याला काही नाही. शेजारी शेजारी राहणारी दोन म्हातारपणं, आणि फरक फक्त गेटपासचा.

१९८० आणि १९८३: पैसे एका दारात, पालिका दुसऱ्या गावात

२ ऑक्टोबर १९८० ला महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. निराधार, अपंग, विधवा, दुर्धर आजाराने ग्रासलेले अशांना दरमहा रोख रक्कम. मोठं पाऊल होतं. पण ही योजना पालिकेकडे दिली नाही, महसूल खात्याकडे दिली. अर्ज तहसीलदारांकडे, मंजुरी तालुक्याच्या समितीत.

का? कारण खेडोपाडी पालिका नव्हती, पण तहसीलदार सगळीकडे होता. राज्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. शहरातल्या माणसासाठी मात्र पहिली फाटाफूट झाली. ज्याला तुमचं घर माहीत आहे, म्हणजे पालिका, त्याच्याकडे पैसे नाहीत. ज्याच्याकडे पैसे आहेत, म्हणजे तहसील, त्याला तुमचं घर माहीत नाही. त्यामुळे घराची सगळी माहिती कागदावर आणून द्यायची जबाबदारी म्हाताऱ्यावर आली. उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आणि वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत याचा दाखला.

तीन वर्षांनी दुसरी उलथापालथ झाली. १ ऑक्टोबर १९८३ ला कल्याण महानगरपालिका स्थापन झाली आणि अंबरनाथ, बदलापूर तिच्यात गेले. उल्हासनगर बाहेर राहिलं. कागदावर विचार वाईट नव्हता. मोठी पालिका, मोठा पैसा, मोठ्या योजना. पण बदलापूर ते कल्याण लोहमार्गाने चौदा किलोमीटर, आणि मध्ये अंबरनाथ आणि उल्हासनगर. म्हणजे बदलापूरच्या माणसाने आपल्या महापालिकेत जायचं तर दुसऱ्याच एका शहरातून जायचं. त्यावेळची लोकल आठवणाऱ्या कुणालाही विचारा, साठीच्या माणसाला काठी घेऊन ते किती जमलं असेल.

१९९२ मध्ये दोन्ही गावं पुन्हा वेगळी झाली. अंबरनाथ नगरपालिका आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिका. पुढच्याच वर्षी, १ जून १९९३ ला, ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिने घटनेत बारावी अनुसूची जोडली, शहरांच्या पालिकांकडे कोणती कामं देता येतील याची १८ कामांची यादी. त्यातलं नववं काम म्हणजे समाजातल्या दुर्बल घटकांचं हितरक्षण, आणि त्यात अपंग व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख. म्हणजे नवी कोरी नगरपालिका आणि नवा कोरा घटनात्मक आधार एकाच वेळी हातात आला होता. तेव्हाच ठरवता आलं असतं की निराधारांची यादी, भेट आणि पैसे हे सगळं नगरपालिकेच्या एका खिडकीवर आणू.

झालं नाही. नव्या पालिकेसमोर पाणी होतं, रस्ते होते आणि लोंढा होता. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. तिन्ही शहरं मिळून २०११ मध्ये सव्वानऊ लाखांहून जास्त माणसं. राज्यात साठीच्या वरच्यांचं प्रमाण तेव्हा शंभरात दहा होतं. आपली शहरं तरुण, म्हणून थोडं कमी धरा, तरी हजारो म्हातारी माणसं. ती आलीही कशी? मुलाने वनबीएचके घेतला म्हणून गावाहून आणली. गावात दाराबाहेर बसलं की दहा जण विचारायचे. इथे चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि मुलगा सकाळी साडेसहाच्या लोकलला.

प्रत्येक खात्याचा एक तुकडा

यानंतर योजना कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या. पण प्रत्येक योजनेने आपलं स्वतंत्र दार उघडलं. मोजू या?

एक. निवृत्तिवेतन. १९९५ मध्ये केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन आली, राज्याने श्रावणबाळ योजना जोडली. दार: तहसील. रक्कम २०१९ मध्ये एक हजार झाली, २०२३ मध्ये दीड हजार. पण उत्पन्नाची अट बघा. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. भागा बाराने. महिन्याला साडेसतराशे. आपल्या भागात एका खोलीचं भाडं त्याच्या वर आहे. म्हणजे अट काटेकोर पाळली तर खरा गरीबसुद्धा बाहेर, आणि अर्ज भरताना त्याला खोटं बोलावं लागतं.

दोन. अपंगांसाठीचा निधी. आधी तीन टक्के होता, आता स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे. बच्चू कडू यांच्या आंदोलनांमुळे हा निधी गावोगाव चर्चेत आला. दार: पालिका. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातंच काढलं. ते आणखी एक दार.

तीन. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. मुलं सांभाळत नसतील तर दरमहा दहा हजारांपर्यंत पोटगी मागता येते. दार: प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार वृद्धांसाठीचं वृद्धाश्रम असावं असं म्हटलंय. ती जबाबदारी राज्याची.

चार. आणि हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो होतो. त्याच कायद्याखाली केंद्राने राज्यांना जे नमुना नियम दिले, त्यांत लिहिलंय की प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठ नागरिकांची, खास करून एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवायची, आणि शक्यतो समाजसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून किमान एकदा भेट द्यायची. म्हणजे ती यादी, बराकीतली यादी, कायद्याच्या कल्पनेत आहे! फक्त ती पोलिसांकडे दिली. सण, मोर्चे, ट्रॅफिक, गुन्हे आणि वर महिन्याला म्हाताऱ्यांच्या भेटी.

पाच. मतदान. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्या आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येत होतं. कर्मचारी घरी फॉर्म घेऊन जायचे, मग मतपत्रिका घेऊन घरी यायचे. म्हणजे यंत्रणेला घर सापडत नाही असं नाही. मत हवं असतं तेव्हा चौथा मजलासुद्धा सापडतो.

माझ्या आजीचा किस्सा सांगतो. तिचं वृद्धापकाळाचं अनुदान अचानक थांबलं. ज्या कार्यालयात गेलो तिथे सांगितलं, हयातीचा दाखला नाही. मी म्हटलं, साहेब, आजी रिक्षात बसलीये, खाली येऊन बघा. ते म्हणाले, बँकेत जा. बँकेत अंगठा लागेना. आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्या होत्या. आधार केंद्रावर गेलो, तिथे टोकन संपले होते. तीन दारं, एक दिवस, दोनशे ऐंशी रुपये रिक्षा. कुणीही उद्धट वागलं नाही, हे मुद्दाम सांगतो. प्रत्येकाने आपलं काम नियमानेच केलं. फक्त माझी आजी जिवंत आहे हे मान्य करणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. तीन महिन्यांनी अनुदान सुरू झालं. त्यानंतर ती मला गमतीने म्हणायची, "बाबा, आज मी सरकारी हिशोबात आहे ना रे?"

दुसऱ्यांनी काय केलं

हा घोळ फक्त आपला नाही. इंग्लंडमध्येही साठच्या दशकात हेच होतं. म्हातारे एका खात्यात, मुलं दुसऱ्या, मानसिक आजार तिसऱ्या. १९६८ मध्ये सीबोम समितीने अहवाल दिला की कुटुंब एक आहे तर दार एकच ठेवा. १९७० मध्ये कायदा झाला आणि १९७१ पासून प्रत्येक स्थानिक कौन्सिलमध्ये एकच समाजसेवा विभाग उभा राहिला. घरी येणारा समाजसेवक त्या कौन्सिलचा माणूस. पुढे २००४ च्या कायद्याने मुलांचं काम पुन्हा वेगळं काढलं, पैशांची ओरड तर तिथेही कायम असते. म्हणजे जादू झाली नाही. पण मोठ्या माणसाची काळजी हे कौन्सिलचं काम आहे की नाही, हा वाद तिथे उरला नाही.

लांब जायचं नसेल तर केरळ बघा. २००८ मध्ये राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात आधार देणारी सेवा. पंचायती आणि नगरपालिकांनी आपल्या पैशातून नर्स नेमल्या. ती नर्स गाडीतून घरोघरी जाते, जखमेचं ड्रेसिंग करते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. त्यामागे मलप्पुरम भागातलं स्वयंसेवकांचं जाळं होतं. आपल्यासारखाच देश, आपल्यासारखीच घटना, तीच बारावी अनुसूची. फरक एवढाच की तिथे कुणीतरी ठरवलं, अंथरुणावरचा माणूस कार्यालयात येणार नाही, तेव्हा कार्यालयाने त्याच्याकडे जायचं.

पुन्हा बोर्ड बदलायच्या आधी

आता आजचं. अंबरनाथ आणि बदलापूर नगरपालिकांची निवडणूक २०१५ मध्ये झाली, त्यानंतरची थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधली पाचेक वर्षं प्रशासक. उल्हासनगर महापालिकेची २०१७ नंतर जानेवारी २०२६ मध्ये. नगरसेवकांवर आपण हसतो, पण म्हाताऱ्यांचा फॉर्म भरणं, दाखल्यावर सही देणं, तहसीलला फोन करणं हे तेच करायचे. वेगवेगळ्या दारांमधला चालताबोलता पूल तोच होता, आणि तो काही वर्षं नव्हता. आता तो परत आलाय.

आणि अंबरनाथ-बदलापूरची मिळून एक महापालिका करा, ही चर्चा अधूनमधून होतच असते. होईल किंवा नाही होणार. मी तिच्या बाजूने नाही आणि विरोधातही नाही. १९८३ मध्ये एकत्र आलो, १९९२ मध्ये वेगळे झालो, दोन्ही वेळा कार्यालयाचा बोर्ड बदलला. अंथरुणावरच्या माणसाच्या दारावर कोण टकटक करणार, हे एकाही वेळी ठरलं नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी फेररचनेची भाषा केली तर मला एकच विचारायचंय. नव्या रचनेत ती यादी कुणाकडे असेल, आणि महिन्यातून एकदा घरी कोण जाईल? पदनाम सांगा. बाकी इमारत कुठे, महापौर कुणाचा, ते नंतर बघू.

त्याचबरोबर, मघाशी सांगितलेली यादीची दुसरी बाजू. एकट्या म्हाताऱ्यांचे पत्ते चुकीच्या हातात गेले तर चोर आधी पोचेल आणि मदत नंतर. म्हणून यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची गोष्ट नाही. ती कुणाच्या कुलपात आहे आणि कोण उघडू शकतं, हेही ठरलेलं असायला हवं.

२०१९ च्या पुरानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही एक कागद केला. कोणत्या घरात कोण चालू शकत नाही, कुणाला ऑक्सिजन लागतो, मुलाचा नंबर काय. दोन घरांनी नाव द्यायला नकार दिला. त्यांचा हक्क आहे, आम्ही पुन्हा विचारलं नाही. कागद सेक्रेटरींच्या कपाटात पाकिटात असतो, एक प्रत माझ्याकडे. २०२१ च्या जुलैत नदी पुन्हा वाढली तेव्हा आम्ही पाणी यायच्या आधी संध्याकाळीच तिघांना वर नेलं. काकू त्यात नव्हत्या. त्या आदल्या वर्षी गेल्या, घरीच, सुनेच्या हातून पाणी पिऊन.

तेवढा एक कागद करायला महापालिका लागली नाही. पण शहरात अशा हजारो बिल्डिंगी आहेत, आणि त्याहून जास्त चाळी आणि झोपड्या, जिथे सेक्रेटरी नाही आणि कपाटही नाही. त्यांच्यासाठी पालिकाच लागते.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. ज्येष्ठांसाठी देशभर चालणारी हेल्पलाइन आहे, १४५६७. नंबर आत्ताच सेव्ह करा, स्वतःच्या नाही, आजीच्या फोनमध्ये. आणि तुमच्या नव्या नगरसेवकाला भेटलात की रस्त्याच्या खड्ड्याबरोबर हेही विचारा, दिव्यांगांच्या पाच टक्क्यांतले गेल्या वर्षी किती खर्च झाले आणि कशावर. उत्तर मिळालं तर मला कळवा. नाही मिळालं तरी कळवा, त्याचाही एक भाग करू.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. तुमचं स्टेशन आलं असेल. उतरताना शेजारच्या आजोबांची पिशवी धरा.